नमुना चौदा-ब

जगात आजवर कोणीच न पाहिलेला पदार्थ मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी वैतागले होते. खडकाचा काप नीट घासला गेला नाही, असं मला वाटलं. मी तो पुन्हा घासायला दिला आणि डबा खायला गेले.

खनिजं ओळखणं हे माझं काम. हिवाळाभर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात फिरून खडकांचे तुकडे आणायचे आणि उरलेलं वर्ष प्रयोगशाळेत बसून त्यांत काय काय आहे ते पाहायचं. दहा वर्षं झाली. नव्याने ओळख झालेली माणसं हमखास विचारतात, "सोनं सापडलं का कधी?" मी "नाही" म्हणते आणि बोलणं तिथंच संपतं. ते संपलं की मला बरं वाटतं, हेही खरं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरची बोली शाळेत बोलले की बाई बाकावर उभं करायच्या, आणि शाळेची भाषा घरी बोलले की भावंडं हसायची. त्यामुळे तोंड उघडण्याआधी वाक्य मनात एकदा तपासून घ्यायची सवय लागली. तेवढ्यात समोरच्या माणसाचा विषय बदललेला असतो. दगड थांबतात. मी या कामात टिकले त्याचं ते एक कारण असावं.

पुढचं सांगण्याआधी थोडी कामाची माहिती द्यावी लागेल. खडक आणि खनिज या दोन वेगळ्या वस्तू आहेत. खडक म्हणजे चिवडा समजा. त्यातले पोहे, शेंगदाणे, डाळं ही खनिजं. आमच्याकडच्या एखाद्या काळपट चमकत्या दगडात अभ्रक असतं, गारगोटी असते, तांबूस तामड्याचे, म्हणजे गार्नेटचे, दाणे असतात. प्रत्येकाची घडण ठरलेली, आतल्या अणूंची मांडणी ठरलेली. खडकांचा एक प्रकार रूपांतरित खडकांचा. जमिनीत फार खोल गाडला गेलेला खडक तिथल्या दाबाने आणि उष्णतेने बदलतो. वितळत नाही. घट्ट असतानाच जुनी खनिजं मोडतात, नवी तयार होतात आणि दाबामुळे ओळीने लागतात. म्हणून अशा खडकावर पट्टे दिसतात.

या पट्ट्यांची दिशा आणि उतार होकायंत्राने मोजायचा, हा आमचा पहिला धडा. आधी मोजायचं, मग फोटो काढायचा, मग हातोडा. मोजल्यावर कळतं की हा खडक जागचा आहे, की कुठून तरी गडगडत किंवा वाहत आलेला आहे. सुटा दगड कितीही देखणा असला तरी त्याला पत्ता नसतो, आणि पत्ता नसलेला नमुना आमच्या काही उपयोगाचा नाही. हा क्रम चुकवणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आजही ओरडते. ओरडण्याचा मला किती अधिकार आहे, ते पुढे येईलच.

चौदा-ब हा नमुना मी भामरागडच्या बाजूला एका जानेवारीत घेतला. गावाचं नाव देत नाही. त्या दिवशी आमची जीप मोतीरामभाऊ चालवत होते. ते वडशाचे. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक असतात आणि उरलेल्या वेळात आमचे चालक, असा क्रम ते स्वतःच सांगतात. त्या संध्याकाळी त्यांचा गडचिरोलीजवळ प्रयोग होता.

"मॅडम, दोन वाजता गाडी हालली नाई तं आज तिसऱ्या अंकात खून कोन करीन?"

"पाच मिनिटं, भाऊ."

"तुमचे पाच मिनिटं मले ठावूक हायेत. एका पाचात माहा एक अंक होते."

तेरा आणि चौदा क्रमांकाचे नमुने नाल्याच्या काठच्या उघड्या खडकातून घेतले होते, नीट मोजून. परतताना वीसेक पावलांवर, एका शेताच्या बांधालगतच्या झुडपात एक दगड दिसला. गुडघ्याएवढा, थोडा कललेला, पट्टेदार, आणि त्यात तामड्याचे टपोरे दाणे. मी वाकले. तेवढ्यात गावाच्या वाटेने कोणी तरी येताना दिसलं. थांबले असते तर बोलावं लागलं असतं. कोण तुम्ही, कुठून आल्या, काय शोधता, सगळं. मी होकायंत्र पिशवीतून काढलंच नाही. लांबूनच एक फोटो घेतला, दोन घाव घातले, मुठीएवढा तुकडा पिशवीत टाकला, त्यावर 'चौदा-ब' लिहिलं आणि जीपकडे निघाले. येणारा माणूस अजून बराच लांब होता. त्याला काय विचारायचं होतं, ते मला कधी कळलं नाही.

आता त्या कापाकडे येते. खडकाची चकती कापून काचेवर चिकटवतात आणि ती इतकी पातळ घासतात की तिच्यातून उजेड आरपार जातो. सूक्ष्मदर्शकाखाली ती काच फिरवली की काही खनिजं रंग बदलतात. चौदा-बच्या कापात तामड्याच्या कडेला काही लांबट कण होते. फिरवल्यावर ते निळसर हिरव्याचे मधासारखे पिवळे होत. असा रंग बदलणारी खनिजं मला माहीत होती, पण यांचं बाकी काहीच त्यांच्याशी जुळत नव्हतं. पुन्हा घासून आलेल्या कापातही तेच. तेव्हा मी बोरकर सरांना बोलावलं.

बोरकर सर माझे वरिष्ठ. निवृत्तीला काही महिने उरले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा भिंगाला लावला आणि बराच वेळ काच फिरवत राहिले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तेच विचारायला बोलावलं, सर."

"मला माहीत नाही." त्यांनी मान वर केली. चेहरा शाळकरी मुलासारखा झाला होता. "पोरी, मला खरंच माहीत नाही!"

पुढचे महिने यंत्रांचे. एक यंत्र कणावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून सांगतं की त्यात कोणतं मूलद्रव्य किती टक्के आहे. सगळ्यांची बेरीज शंभराच्या आसपास यायला हवी. आमची एक्याण्णव आली. यंत्र पुन्हा लावलं, पुन्हा एक्याण्णव. गहाळ झालेले नऊ टक्के म्हणजे पाणी आणि बोरॉन असणार, असं सरांचं म्हणणं, कारण ही दोन त्या यंत्राला धड दिसत नाहीत. मग एक कण सुईच्या टोकाने सोडवून दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत पाठवला. तिथं क्ष-किरणांनी आतल्या अणूंची मांडणी मोजतात. उत्तर पावसाळ्याच्या तोंडावर आलं. ही मांडणी आजवर माहीत असलेल्या कुठल्याच खनिजाची नव्हती.

सरांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. मला बोलायला लावलं. मी दोन वाक्यं बोलले आणि बसले.

नवं खनिज आपण म्हटलं म्हणून नवं होत नाही. वेगवेगळ्या देशांतल्या जाणकारांची एक समिती असते. तिला अर्ज करायचा. रंग, कठीणपणा, घनता, रासायनिक सूत्र, मांडणी, कोणत्या खनिजांशी नातं, सगळं भरायचं. खनिज नेमकं कुठे सापडलं आणि नमुना कोणत्या संग्रहालयात कायमचा ठेवणार, हेही सांगायचं, म्हणजे उद्या कोणाला शंका आली तर तो जाऊन तपासू शकेल. मग मतदान होतं.

अर्जाला जागेचा फोटो जोडायचा होता. मी तो शोधून उघडला आणि मोजणीच्या वहीत चौदा-बचे आकडे शोधू लागले. ते नव्हतेच. फोटो मोठा करून पाहिला. तेरा आणि चौदाच्या खडकांचे पट्टे पूर्वेकडे उतरत होते, आसपासच्या सगळ्या खडकांचे तसेच. या दगडाचे पट्टे जवळजवळ उभे होते. बुडाशी माती दाबून बसवल्यासारखी दिसत होती आणि तिच्यावर दोन लहान दगड टेकवलेले होते.

तिकडचे माडिया आदिवासी मेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभारतात. मला ते माहीत नव्हतं असं नाही. रस्त्याच्या कडेला असे दगड ओळीने उभे असतात आणि आमच्यातलं कोणी त्यांच्याजवळ हातोडा काढत नाही. हा एकटा होता, झुडपात होता. पण मोजला असता तर कळलं असतं. त्या येणाऱ्या माणसाला विचारलं असतं तर मोजावंही लागलं नसतं.

मी सरांना सांगितलं. त्यांनी फोटो आणखी मोठा करून पाहिला.

"वीस पावलांवर तोच खडक उघडा आहे ना?"

"तसाच आहे, सर. तोच आहे की नाही, माहीत नाही. चौदामध्ये हे खनिज नाही. मी तपासलं."

"नाल्याजवळचा परिसर, एवढं लिही. खोटं नाही ते."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. मी वाक्य मनात तपासून घेतलं आणि म्हटलं, "मला जाऊन विचारायचंय."

"पर्लकोटा उतरू दे आधी," ते म्हणाले. पावसाळ्यात तिकडची वाट नदी ठरवते. दिवाळीनंतर मी आणि मोतीरामभाऊ निघालो.

तो दगड कोणाचा, हे शोधायला वेळ लागला नाही. गावात पहिल्यांदा भेटलेल्या माणसाने घर दाखवलं. अंगणात चिन्नीबाई सुपाने धान पाखडत होत्या. त्यांचा मुलगा रैनू पेंढ्या रचत होता. तो आश्रमशाळेत शिकलेला, त्यामुळे त्याला मराठी येत होती. चिन्नीबाईंना फारशी नाही. जीपमधून उतरताना मोतीरामभाऊंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "बोलनार तुमीच. मी बोललो का नाटक वाटते."

आलापल्लीपासून मी एकच वाक्य मनात घोळवत आले होते. ते तसंच बोलले.

"शेताच्या बांधाजवळचा जो दगड आहे, त्याचा तुकडा मी काढला. जानेवारीत. मला वाटलं तो जागचा खडक आहे."

रैनूचा हात पेंढीवरच राहिला. "तुमी?"

"मी."

"हातोड्यानं?"

"हो."

 आईने काय झालं ते विचारलं. मग त्याने माडिया बोलीत सांगितलं, थोडक्यात. चिन्नीबाईंनी सूप खाली ठेवलं, परत काही विचारलं, त्याने परत तेच उत्तर दिलं असावं. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. त्या रडत होत्या की काय, मला कळेना. कोणाकडे बघावं हेही कळेना.

"मॅडम, तो बाबाचा गोटा हाय," रैनू म्हणाला. "त्यानं सांगूनच ठेवलं होतं, माहा गोटा माह्या बांधीपाशी लावजा. आमच्यात म्हनतात, मेलेला मानूस सुखात असला तं गोटा वाढते. यंदा आईनं पाहिलं तं गोटा कमी झालेला. वरतं पांढरी जखम. म्हने, बाबा रागावला."

"कोणावर?"

"माह्यावर. आनखी कोनावर? मी तीन वर्स राजुऱ्याकडं कोळशाच्या गाड्यावर होतो. म्हने तू बाबाले सोडून गेला म्हनून. निरोपावर निरोप. जेवन सोडलं तिनं. मंग मी काम सोडून आलो. कोंबडं दिलं, सारं केलं." त्याने हातातली पेंढी खाली टाकली. "आता तुमी म्हनता बाबा रागावलाच नोहता. तुमी होत्या."

मी "माफ करा" म्हटलं. फार लहान आवाजात म्हटलं असावं, कारण त्याने "काय?" असं विचारलं आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"आता ते काम परत भेटते काय?" तो म्हणाला.  

चिन्नीबाईंनी चेहऱ्यावरचे हात काढले होते. त्या मुलाकडे पाहून काही तरी भराभर बोलल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या स्वरात हलकेपणा वाटला. रैनूने मान फिरवली. "ती म्हनते, बरं झालं. बाबा बरा हाय."

मी तिथंच उठायला हवं होतं. पण ज्यासाठी आले होते ते अर्धंच झालं होतं. मी विचारलं, हा दगड कुठून आणला होता?

"आता तेबी पायजे तुमाले?"

मी सांगायचा प्रयत्न केला. की त्या दगडात एक खनिज आहे, ते आधी कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते कुठलं हे सांगितल्याशिवाय त्याची नोंद होत नाही.

"मंग खदान येईन?"

"नाही. ते फार थोडं आहे. सगळं मिळून एक काडेपेटी भरणार नाही."

"असंच म्हनतात सारे."

"मी काही लिहून देऊ शकत नाही," मी म्हटलं. "मला जे माहीत आहे ते सांगितलं."

त्याने आईला सगळं सांगितलं. चिन्नीबाईंचं उत्तर लहान होतं. "तुकडा आना म्हनते. बाबाचा हाय तो. आधी आना, मंग जागा दाखवू."

  परतताना मोतीरामभाऊ म्हणाले, "मॅडम, पंधरा वर्सांत मी लय गुन्हे केले. खून केले, जमिनी हडपल्या, सासऱ्याले विष पाजलं. पन कोनाच्या मेलेल्या बापाचा गोटा नाई फोडला."

"नाटकात, भाऊ."

"तेच तं सांगून राह्यलो. मी नाटकात करतो, तुमी खरंच करून आल्या."

त्यांना हसू आलं आणि मलाही. आलं म्हणून वाईट वाटलं.

अडचण साधी होती. ते खनिज आमच्याकडे फक्त चौदा-बमध्ये होतं. तो परत दिला आणि मूळ जागेच्या दगडात ते निघालंच नाही, तर हातात उरणार होते आकडे आणि फोटो. नमुन्याशिवाय समिती विचारही करत नाही. बोरकर सरांनी ते मला दोनदा समजावलं, जणू मला माहीत नव्हतं.

"अर्धा दे," ते म्हणाले.

"त्यांनी अर्धा नाही मागितला."

"नमुना तुझा नाहीये. कार्यालयाचा आहे."

"कार्यालयाचाही नाही, सर."

सरांशी मी असं कधी बोलले नव्हते. ते खोलीतून निघून गेले. दोन दिवस आम्ही एकमेकांसमोर बसून आपापली कामं केली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते नमुन्यांची नोंदवही घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बाहेर जाण्याचं कारण, या रकान्यात काय लिहू?"

"चुकून घेतला होता."

त्यांनी ते तसंच लिहिलं आणि सही केली. मग म्हणाले, "नेण्याआधी अर्धा तास मला दे." सूक्ष्मदर्शकापाशी बसून ते काच फिरवत राहिले. हिरवा, पिवळा, हिरवा. मी बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. अर्ध्या तासाने दार उघडलं. बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, आणि त्याच्या हाती आलेली ही एकच वस्तू. मी ती पिशवीत भरली. उरलेला तुकडा, तोवर करवलेले चारही काप, दक्षिणेतून परत मागवलेला तो एक कण.

चिन्नीबाईंनी तुकडा ओंजळीत घेतला. काचा बघून रैनूला नवल वाटलं. त्याने एक काप उन्हात धरला. "गोट्यातून उजेड येते," तो आईला दाखवत म्हणाला. मी मोबाईलमधला फोटो दाखवला, सूक्ष्मदर्शकातून काढलेला, मधाच्या रंगाच्या कणाचा. चिन्नीबाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि मला थेट मराठीत विचारलं, "हे आतच होतं?"

"हो."

"मंग बाहेर काऊन काढलं?"

मी वाक्य जुळवत राहिले. जुळलं नाही. त्यांनाही उत्तराची घाई नसावी. सगळ्यांना घेऊन त्या बांधाकडे गेल्या. दगडाच्या बुडाशी माती उकरून त्यांनी तुकडा ठेवला, काचा ठेवल्या आणि माती लोटली. मला वाटलं होतं काही विधी असेल. नव्हता, किंवा आमच्यासमोर करायचा नव्हता. मोतीरामभाऊंनी चपला काढल्या होत्या.

मग रैनूने जागा दाखवली. नाल्याच्या वरच्या अंगाला, तासाभराच्या चालीवर, पाण्याने उघडी पडलेली एक दरड. मी आधी पट्टे मोजले. पूर्वेकडे उतरत होते. जागचा खडक. मग रैनूला विचारलं, "कुठून घेऊ?"

"तुमाले पायजे तिथून घ्या."

"तुम्ही सांगा."

तो हसला. सकाळपासून पहिल्यांदाच. "मॅडम, तुमी शिकलेल्या. मी सांगू?" पण त्याने सांगितलं. दरडीचा एक भाग सोडायचा, तिथून आणखी दोन घरांचे गोटे गेले होते. उरलेल्या भागातून मी नऊ तुकडे घेतले.

नऊ तुकड्यांचे एकोणीस काप झाले. पहिल्या तेरांत काहीच नव्हतं. तामडा, अभ्रक, गारगोटी, परत तामडा. सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी त्याबद्दल विचारलं नाही, आणि ते विचारत नाहीत म्हणून मला बसवेना. चौदावा काप मी त्यांच्या जाण्यानंतर आठवड्याने पाहिला. तामड्याच्या कडेला, चौदा-बमधल्यापेक्षा कितीतरी लहान, सात-आठ कण. काच फिरवली. हिरवे, मग पिवळे. मी ती पुन्हा पुन्हा फिरवली आणि मग सरांना फोन केला.  ते म्हणाले, "बेरीज करून बघ." बेरीज एक्याण्णवच्या जवळ आली.

सगळं पहिल्यापासून करावं लागलं. कण इतके लहान होते की आधीपेक्षा दुप्पट वेळ लागला. अर्ज गेला. त्यात मी पहिल्या नमुन्याची हकीकत लिहिली होती. समितीकडून शंका आली. पहिल्या नमुन्यात अधिक मोठे कण होते, तर तोच संग्रहालयात प्रमाण नमुना म्हणून का ठेवला नाही, आणि तो सध्या कुठे आहे? सर फोनवर म्हणाले, "'उपलब्ध नाही' एवढं लिही." मी लिहिलं की तो एका मृत माणसाच्या स्मृतीचा दगड होता, न विचारता घेतला होता, म्हणून त्याच्या घरच्यांना परत केला. यावर काही प्रश्न आला नाही. काही आठवड्यांनी मान्यता आली.

नाव काय ठेवायचं हा प्रश्न त्याआधीचा. मी रैनूच्या वडिलांचं नाव सुचवावं म्हणून परवानगी मागायला गेले होते. चिन्नीबाईंनी नको म्हटलं. "तो इथी हाय. तिकडं कायले पाठवता?" मग नाव सूत्रावरून ठेवलं. ते उच्चारायला कठीण आहे आणि कोणालाच आवडत नाही. मोतीरामभाऊ म्हणतात की या नावाने एखाद्या इंग्रजी औषधाची बाटली खपेल.

नियतकालिकात वर्णन छापून यायचं होतं. त्यात जागेची माहिती एका परिच्छेदात असते. मी नाल्याचा परिसर लिहिला, अक्षांश-रेखांश दिले नाहीत, आणि शेवटी एक वाक्य घातलं की या ठिकाणी जाण्याआधी गावात विचारावं. संपादकांनी ते काढून टाकलं. म्हणाले, याचा खनिजाच्या गुणधर्मांशी संबंध नाही. मी परत घातलं. त्यांनी परत काढलं. तिसऱ्या वेळी मी त्यांना फोन केला. अनोळखी माणसाला आपणहून फोन करण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात फार नाहीत. वाक्य आधी तपासलं नव्हतं, त्यामुळे मी बरीच अडखळले. पण फोन ठेवला तेव्हा ते वाक्य राहणार असं ठरलं होतं.

छापील अंक घेऊन मी गावात गेले. रैनू आता भामरागडला एका किराणा दुकानात काम करतो. राजुऱ्याला मिळायचं त्याच्या मानाने हे काहीच नाही, हे तो सांगतो आणि मी ऐकते. त्याने पानं चाळली, सूत्राकडे आणि आलेखांकडे बघून मान हलवली.

"आमचं कुठी हाय यात?"

मी ते वाक्य दाखवलं. इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगितलं. त्याने ते आईला माडियात सांगितलं. चिन्नीबाई काही तरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हनते, कोन्ही आलं अन् इचारलं, तं आमी नाई म्हनू शकतो न?"

"हो," मी म्हटलं. या वेळी वाक्य तपासावं लागलं नाही.